कवेलू कोण फेरते?

बापूकुटीच्या दारात चपला काढून आत गेलो आणि आजी म्हणाली, "हे तं आपलं जुनं घर होय!"

तिला मौद्याहून नागपूर ओलांडून सेवाग्रामला नेलं होतं. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. विदर्भातल्या दुसऱ्या शेगावमुळे टपालाचा गोंधळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. कुटी मुळात मीराबेनची. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू. आत चटई, तीन माकडं. बापूंच्या दफ्तरात साप पकडायचा चिमटा. व्हाईसरॉयशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला फोनही आहे. तेवढा फोन सोडला तर आजीचं म्हणणं खरंच होतं.

आमचं तसलंच घर आम्ही पाडलं. भिंतींना ओल यायची, पावसाळ्यात विंचू निघायचे. आता राखेच्या विटा आणि वर स्लॅब. पाडताना मला आनंदच झाला होता, कारण मित्रांना घरी बोलवायची लाज संपली.

मग त्याच मातीपुढे इथे मी हात जोडून का उभा होतो?

विचारवंत इव्हान इलिच १९७८ मध्ये या कुटीत येऊन बसले होते. सामानानं आणि सोयींनी भरलेलं घर माणसाला दुबळं करतं, असं त्यांचं म्हणणं. पटतं. पण गांधीजींनी हे घर निवडलं होतं. आजीला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे मी मातीला नाही, निवडीला नमस्कार करत होतो. आणि साधेपणा निवडला तरच मोठा ठरत असेल, तर तो ज्यांच्याकडे दुसरा पर्याय आहे त्यांचाच गुण झाला. आजीनं आयुष्यभर जे केलं त्याला मग काय म्हणायचं? नुसती गरिबी? हे मला मान्य नाही, पण उत्तरही सापडत नाही.

मी पाटी वाचत होतो तेव्हा आजी भिंतीवरून हात फिरवत होती.

"सारवते कोन इथं? कवेलू कोन फेरते?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मातीचं घर हाताविना टिकत नाही. गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये इथून गेले ते परत आलेच नाहीत. ते राहिले दहा वर्षं, पण त्यानंतर कितीतरी पावसाळे हे घर कुणाकुणाच्या हातांनी उभं राहिलंय. आपण ज्याला जुनं म्हणतो त्यातलं बरंचसं सारवण गेल्या वर्षीचंही असेल.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "आजी, आपलं घर ठेवाले पायजे होतं का?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू सारवलं असतं का रे?"