बियाण्यासाठी राखलेला कोष

(शुभवर्तमान : योहान १२:२०-३३)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू गव्हाच्या दाण्याविषयी बोलतो. दाणा जपून ठेवला तर दाणाच उरतो. मातीत गेला तर त्याचे कणीस होते. आपल्या विदर्भाच्या रानात एक पाखरूही हीच गोष्ट सांगते.

वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरमार्गे गडचिरोलीकडे गेले, की आरमोरीच्या बाजूला ढिवर समाजातील कुटुंबे येन व अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. पावसाळ्यात किडे झाडावर सोडायचे आणि पक्षी, मुंग्या यांच्यापासून रात्रंदिवस त्यांची राखण करायची. किडा पाने खातो, चार वेळा कात टाकतो आणि शेवटी स्वतःभोवती टणक कोष विणतो. हाच आपला कोसा.

कोष हाती आले की घरात प्रश्न उभा राहतो. सलग धागा हवा असेल तर आतला जीव बाहेर पडण्याआधीच वाफेने मारावा लागतो. पाखरू बाहेर आले की कोषाला भोक पडते आणि त्याचा भाव उतरतो. पण सगळ्यांनीच सगळे कोष विकले तर पुढच्या पावसाळ्यात झाडावर काय सोडणार? म्हणून चांगल्यातले चांगले कोष बियाण्यासाठी राखतात, त्यांच्या माळा करून टांगतात. आज, या उन्हाच्या दिवसांत, ते कोष निश्चल लटकले आहेत. पाहणाऱ्याला ते मेलेले वाटतील. आत जीव पावसाची वाट पाहत आहे.

पावसाच्या तोंडावर पाखरू बाहेर येते. त्याला खाता येईल असे तोंडच नसते. किडा असताना साठवलेल्या बळावर ते थोडे दिवस जगते. मादी दीडशे-दोनशे अंडी घालते आणि मरते. त्या मरणातून पुढचे पीक उभे राहते. भोक पडलेला कोषही वाया जात नाही. त्याचे सूत कातून जाडेभरडे कापड विणतात.

आविलाच्या संत तेरेजा यांनी १५७७ साली प्रार्थनेवर ग्रंथ लिहिला, त्यात रेशमाच्या किड्याचेच उदाहरण दिले. जुना माणूस ख्रिस्तामध्ये मरतो आणि नवा बाहेर येतो, असे त्यांनी समजावले.

बंधुभगिनींनो, ओढगस्तीत सगळे कोष विकणाऱ्याला दोष देऊ नये. ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याचे दुःख देव जाणतो. पण आपण पुष्कळदा गरज नसतानाही सगळे विकून टाकतो. जादा पाळीच्या पैशासाठी कुटुंबाची संध्याकाळची प्रार्थना जाते. मोटारसायकलच्या हप्त्यासाठी मुलीचे शिक्षण थांबते. शेजारच्या आजाऱ्याला भेटायला वेळ उरत नाही. हातात पैसा येतो, बियाणे मात्र संपते.

येशूची घटका आली तेव्हा त्याचा जीव व्याकूळ झाला. तरी त्याने स्वतःला राखून ठेवले नाही. म्हणूनच आज आपण या वेदीभोवती जमलो आहोत.

या प्रायश्चित्तकाळात प्रत्येक घराने एक कोष बियाण्यासाठी राखावा : रोज अर्धा तास, एका मुलाची फी, किंवा जुन्या भांडणात आपण होऊन टाकलेले पहिले पाऊल. त्याचे फळ कदाचित आपल्याला दिसणार नाही. पाखरालाही आपले पीक दिसत नाही. तरी पाऊस येतो आणि झाडे पुन्हा भरतात.

प्रभू आपणा सर्वांना असे देण्याचे धैर्य देवो. आमेन.