निवड

'निवड' हा शब्द आपल्या घरात निवडणुकीच्या आणि निवड समितीच्या कितीतरी आधी सुपाबरोबर आला. तांदूळ निवडायचे, गहू निवडायचे, मेथीची जुडी निवडायची. उन्हाच्या पट्ट्यात सूप मांडीवर घेऊन बसलेली आजी खडा बाजूला काढते तेव्हा ती तांदळात काही घालत नाही, एकही दाणा बदलत नाही, फक्त 'हे' आणि 'ते' यांच्यामध्ये आधीपासून असलेली, पण आपल्याला न दिसणारी सीमा बोटांनी उघडी करते. संस्कृतातल्या विवेकाच्या पोटात जो 'विच्' धातू आहे त्याचाही अर्थ वेगळे करणे, पाखडणे असाच आहे. म्हणजे शास्त्रातला विवेक आणि पडवीतले सूप ही एकाच घरची मंडळी. या शब्दाभोवती मी बरीच वर्षे घुटमळतो आहे, आणि त्याची एक घडी मला उलगडली ती पोथीसमोर नव्हे, तर संगणकासमोर, फोटोशॉपमध्ये काम करताना.

गावच्या देवीचे नवरात्रातले नऊ दिवसांचे नऊ फोटो दिनदर्शिकेसाठी हवे होते. सभामंडपातल्या एका फरशीवर खडूने खुणा करून ट्रायपॉड उभा केला, आणि रोज सकाळची पूजा झाली की त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून एक फोटो घेतला. देवीच्या मागची भिंत तेलाच्या काजळीने डागाळलेली, तिच्यावर विजेची वायर, एक ट्यूबलाइट आणि कुणा भाविकाने दिलेले घड्याळ. ते सगळे अंधारात जावे आणि देवी उजळून पुढे यावी, एवढेच करायचे होते. पण त्यासाठी देवी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे संगणकाला सांगावे लागते, आणि या सांगण्यालाच त्या शास्त्रात सिलेक्शन, म्हणजे आपली निवड म्हणतात. पहिल्या दिवशी प्रभावळीचे एकेक पान, मुकुटाचा एकेक कळस लॅसो नावाच्या हत्याराने गिरवत बसलो त्यात अख्खी दुपार गेली. निवड पुरी झाली की तिच्या कडेने तुटक रेघ सरपटू लागते. १९८४ च्या मॅकपेंट या चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये बिल ॲटकिन्सन यांनी ती आणली आणि अजून ती चालतेच आहे. आमचे गुरवकाका पडद्याकडे वाकून म्हणाले, "देवीला मुंग्या लागल्या की काय?" गंमत अशी की या धंद्यातले लोकही तिला चालत्या मुंग्याच म्हणतात.

या मुंग्या मात्र मोठ्या चंचल. चुकून बाहेर एक टिचकी पडली की दुपारभराची निवड नाहीशी होते आणि चित्र जसेच्या तसे उरते, जणू त्याच्याकडे कुणी कधी निरखून पाहिलेच नव्हते. म्हणून निवड जपून ठेवायची असते. सिलेक्ट मेनूत 'सेव्ह सिलेक्शन' म्हणून आज्ञा आहे; ती दिली, निवडीला नाव दिले, की चॅनेलच्या फलकावर लाल, हिरव्या आणि निळ्याच्या खाली आणखी एक चॅनेल येऊन बसतो. त्याला अल्फा म्हणतात. दोन चित्रे एकमेकांत मिसळण्याच्या सूत्रात जे ग्रीक अक्षर येते त्यावरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ते नाव दिले. तो चॅनेल मी पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा थबकलो, कारण त्यात देवी नव्हती. शालू नव्हता, मळवट नव्हता, डोळे नव्हते. काळ्याभोर पाटीवर एक पांढरी आकृती तेवढी होती. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपक्यांचा. त्यातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी एकेक आकडा, शून्य म्हणजे नाही, २५५ म्हणजे होय. बस्स, एवढेच. जे निवडले ते साठवले जात नाही. निवडणे साठवले जाते. मला वाटते, एवढे एक वाक्य कळायला मला सुपापासून संगणकापर्यंत यावे लागले.

आता दुसऱ्या दिवसाचा फोटो उघडला. पहिल्या दिवशीचा शालू पिवळा होता, आजचा हिरवा (नऊ दिवसांच्या नऊ रंगांची ही टूम आता देवीपर्यंतही पोहोचली आहे, असो). दोन्ही फोटो उघडे ठेवले, दुसऱ्यावर उभे राहून 'लोड सिलेक्शन' म्हटले, 'डॉक्युमेंट'च्या रकान्यात पहिल्याचे नाव निवडले, चॅनेल दाखवला, आणि क्षणात हिरव्या शालूभोवती कालच्याच मुंग्या चालू लागल्या. काल जी दुपार खर्ची पडली ती आज निमिषात परत मिळाली. आणि का मिळाली? निवडीला रंग नव्हता म्हणून. मॅजिक वँड नावाची जादूची कांडी रंग पाहून निवडते, तिला पिवळे दाखवले तर ती पिवळेच शोधत फिरते आणि हिरव्यापाशी येऊन ठार आंधळी होते. पण कांडीने, लॅसोने किंवा हाताने काढलेली निवड एकदा चॅनेलमध्ये उतरली की रंग, पोत, झगमग सगळे मागे टाकून नुसती जागा तेवढी जाणते. आपलेही असेच नाही का? ज्या निवडीला वस्तूचा रंग चिकटून राहिला ती त्या वस्तूपाशीच संपते. जी आपल्यापाशी नुसती नजर होऊन राहिली, तीच उद्याच्या अनोळखी प्रसंगात उतरू शकते.

पण जपलेली निवड सगळीकडे जाते असे मात्र नाही, आणि इथे शब्दाचा पुढचा पापुद्रा आहे. तिसऱ्या दिवसाचा फोटो मी उत्साहात आधीच कडेने जरा कापून ठेवला होता. लोड करायला गेलो तर पहिल्या चित्राचे नाव यादीत दिसेचना. संगणक रागावला नाही, चूक दाखवली नाही, त्याने नुसते नाव गाळले. कारण दोन चित्रांची लांबी-रुंदी ठिपक्या-ठिपक्याने सारखी असल्याशिवाय एकाची निवड दुसऱ्याच्या यादीत येतच नाही. वेगळ्या मापाच्या चित्रात चॅनेल ओढून नेता येतो, पण मग जागा हातानेच जुळवावी लागते. मी मुकाट्याने न कापलेला मूळ फोटो पुन्हा उघडला.

पाचव्या दिवशी याहून सूक्ष्म गोष्ट घडली. माप बरोबर होते, यादीत नाव होते, निवड विनातक्रार लोड झाली, आणि तरीही मुकुटाचा कळस बाहेर राहून त्याऐवजी भिंतीचा तुकडा आत आला. नैवेद्याचे ताट घेऊन जाताना कुणाचा तरी पाय ट्रायपॉडला लागला असणार. लागणे वेगळे आणि लागू पडणे वेगळे. माप जुळले की नाही हे यंत्र सांगते, ठिकाण जुळले की नाही हे मात्र पाहणाऱ्याने पाहायचे. अशा वेळी निवडीची सीमा बाणाच्या कळांनी एकेक ठिपका सरकवता येते, फक्त हातात कोणते हत्यार आहे ते आधी पाहावे, कारण लॅसो असेल तर सीमा सरकते, आणि मूव्ह टूल असेल तर सीमेबरोबर देवीच उचलली जाते. आपली चौकट चुकली म्हणून दैवतालाच सरकवणारी माणसे मी संगणकाबाहेरही पाहिली आहेत.

एवढ्याने निवड संपली असे वाटेल, पण शून्य आणि २५५ यांच्या मध्ये २५४ आकडे अजून उरतात. शेवंतीच्या वेणीची पाकळी, समईच्या ज्योतीभोवतीची प्रभा, केसांची सुटलेली बट, यांची कड कुठे आहे हे कुणी सांगावे? तिथे निवड पांढरी नसते, काळी नसते, ती करडी होते. हा ठिपका थोडा देवीचा आणि थोडा भिंतीचा, असे ती म्हणू शकते. मुंग्यांची रेघ मात्र अर्ध्याहून अधिक निवडलेल्या भागाभोवतीच फिरते. एकदा मी ज्योतीची फिकट आभा तेवढी निवडली, तेव्हा पडद्यावर सूचना आली की एकही ठिपका पन्नास टक्क्यांहून अधिक निवडलेला नाही, त्यामुळे निवडीची कड दिसणार नाही. सज्जनहो, कड दिसणार नाही, पण निवड आहे. उजळणे-झाकोळणे त्या आभेवर तितक्याच हलक्या हाताने लागू होते. ज्यांच्या मनातली निष्ठा अशी आभेसारखी असते, रेघ म्हणून कुठे दाखवता येत नाही, त्यांना मी या सूचनेची गोष्ट नेहमी सांगतो.

निवडीला बेरीज आहे, वजाबाकी आहे, उलटणेही आहे. मागे एकसारखी काळी भिंत असेल तर ती आधी निवडून मग निवड उलटी केली की देवी आपोआप हाती येते, 'हे नव्हे, हे नव्हे' म्हणत पोहोचण्याची वाट ती हीच. पण मला सर्वांत रमवले ते छेदाने, म्हणजे दोन निवडींत जे समान तेवढेच ठेवणाऱ्या आज्ञेने. काम संपल्यावर, निव्वळ कुतूहलापोटी, मी नऊही दिवसांच्या फोटोंत एक वेगळी निवड केली: वस्त्र, दागिना, फूल, हार यांपैकी कशानेही न झाकलेला देवीचा भाग. नऊ चॅनेल साठवले, टिफमध्येच साठवले (जेपेगमध्ये चित्र राहते, अल्फा गळून जातो), आणि पहिल्यावर दुसरा, मग तिसरा असे एकेक करून छेदत गेलो. दुसऱ्या दिवशी हाताचा पंजा गेला, चौथ्या दिवशी बाशिंगाने कपाळाचा वरचा भाग नेला, सातव्या दिवशी मोठ्या नथीने ओठ नेले. नववा चॅनेल छेदल्यावर काळ्या पाटीवर तळहाताएवढा पांढरा आकार उरला.

तो मी गुरवकाकांना दाखवला. त्यात रंग नव्हता, रेषा नव्हती, नुसता एक पांढरा ठिगळासारखा डाग. त्यांनी चष्मा वर केला, जवळ आले, आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "हे डोळे आणि वरचं नाक ना? तेवढ्यावर मी कधी काही चढवत नाही."