हबशीकोटावर

जरा बसा.

बीदर गावालगतची ही टेकडी. हिला हबशीकोट म्हणतात. वर कबरी आहेत, आफ्रिकेतून दख्खनेत आलेल्या हबशी सरदारांच्या.

घाई नाही. श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

तळहात जमिनीवर टेका. लाल, खरबरीत जांभा. दिवसभराचं ऊन अजून त्यात आहे. हात तसाच राहू द्या.

या मातीखाली कुणाचं तरी कपाळ आहे. ते कधीकाळी रोज जमिनीला टेकत होतं.

त्या टेकलेल्या कपाळाकडे पाहा. एवढंच पाहा.

घरापासून तुटलेलं एक पोर. बाजारात विकलेलं. पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला मलिक अंबरही असाच विकला गेला. मूळ नाव चापू. इथिओपियातून बगदाद, तिथून दख्खन. इथे त्याला विकत घेणारा चंगीझखान निजामशाहीचा पेशवा होता, आणि तोही हबशीच.

नाव आधीच्या धन्यानं बदललं. धर्मही धन्याच्याच घरी मिळाला.

इथे थांबा. हे टोचतं. टोचू द्या. उत्तर शोधू नका.

नमाजाची रांग उभी राहते. खांद्याला खांदा. कपाळ खाली जातं. शेजारी धन्याचंही जातं. रांग मोडली की पुन्हा धनी, पुन्हा गुलाम.

पण कपाळ खाली असताना आत काय चालतं, ते धन्याला कुठे दिसतं?

श्वास घ्या. तिथेच राहा.

(हबशी सगळे सोसणारेच होते असं मात्र नाही. 1481 मध्ये बहमनी वजीर महमूद गावानाचा शिरच्छेद करणारा जौहर हबशी होता. 1657 मध्ये औरंगजेबाविरुद्ध बीदरचा किल्ला लढवणारा सिद्दी मरजानही.)

आता दूर, समुद्रापलीकडे.

तिकडेही आफ्रिकेतून आणलेले गुलाम. अमेरिकेतला मळा. रात्र. झाडीत त्यांतली काही माणसं गोळा होतात. धन्याच्या चर्चमध्ये त्यांनी एकच ऐकलंय, धन्याचं ऐका. म्हणून ती इथे येतात.

कुणीतरी लोखंडी भांडं जमिनीवर पालथं घालतं. आवाज त्यात अडकेल, वाड्यापर्यंत जाणार नाही, असा त्यांचा भरवसा.

ऐका. पुटपुटणं. मग हलका हुंदका. मग कुणीतरी सूर धरतं.

पकडले गेले तर पाठीवर चाबूक. तरी येतात.

जरा वेळ त्यांच्यात बसा. काही बोलू नका.

हा ख्रिस्ती धर्मही धन्याकडूनच आलेला. पण झाडीतला देव धन्याचा उरत नाही. तो बायबलातला, इजिप्तमधून गुलामांना सोडवून नेणारा देव होतो. 1816 मध्ये रिचर्ड ॲलन फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र मेथॉडिस्ट चर्चसंघ उभा करतो. तो स्वतः गुलामीत जन्मलेला.

एक श्वास त्याच्यासाठी.

एक चापूसाठी. 1626 मध्ये तो गेला तेव्हा मलिक अंबर होता. त्याची कबर खुलताबादेत आहे, सूफी संत जर्जरी बक्षांच्या दर्ग्याजवळ.

बीदरला आलात तर किल्ला आणि गावानाचा मदरसा पाहालच. हबशीकोटासाठीही तासभर राखून ठेवा.