पडण्याची विद्या

काश्मीरमधील गुलमर्गला बर्फ पडतो. एकाच फळीला दोन्ही पाय बांधून तिथे स्नोबोर्ड शिकतात. नवशिक्याला आधी पडायला शिकावे लागते. पडताना मूठ मिटायची. पंजा टेकला तर मनगट मोडू शकते. मग फळी उताराला आडवी धरून तिच्या कडेवर तोल सांभाळायचा.

जव्हार-मोखाड्यात बर्फ नाही. पण पावसाळ्यात तिथल्या निसरड्या उतारावर मी घसरलो, तेव्हा एका वारली मुलाने हात दिला. “सर, आडवं उतरा!”

मला लाज वाटली. ती पडल्याची नव्हती, अनवाणी विद्यार्थ्याकडून शिकण्याची होती. मी तिथे शिकवायला गेलो होतो ना! ज्यांना आपण अडाणी ठरवले, त्यांच्यापुढे नवशिके होता येत नसेल, तर आपल्या इल्मला अर्थ काय?