पाणी यायच्या आधी

पूर आला की गाव एका रात्रीत निर्णय घेते. दुष्काळाची घाई कोणालाच नसते. तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो आणि दर उन्हाळ्यात माणसाला ‘यंदाचं भागवू, पुढचं पुढं’ म्हणायला लावतो. टँकर येतो, छावणी लागते, उन्हाळा निभतो. दुष्काळ जागचा हलत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचा मुलूख हा अशा निभावण्याचा जुना जाणकार. कृष्णाकाठ हाकेच्या अंतरावर, पण पाऊस वाटेतच थकलेला. शेजारच्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. 1972 च्या दुष्काळात सरकारी कामांनी लाखो लोकांना तगवले आणि 1977 मध्ये या कल्पनेचा कायदा झाला. काम मागणे हा हक्क ठरला, ही लहान गोष्ट नव्हे. पण काम कसले? बहुतेक ठिकाणी खडी फोडायचे. फोडलेल्या खडीने पुढच्या साली विहिरीला पाणी लागत नाही.

1982 च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार गावी परतले. कडेगाव तेव्हा खानापूर तालुक्यातच होते. या परतलेल्यांतून आणि भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तिने प्रश्नच बदलला: काम द्यायचेच तर दुष्काळ हटेल असे द्या. आणि मुळात इथली येरळा नदी आटली कशाने?

येरळेच्या पात्रात उन्हाळ्यात बायका वाळू उकरून झरा काढतात, पाणी जमेल तसे वाटीवाटीने घागरीत भरतात. म्हणजे नदी वाळूच्या पोटात असते. ठेकेदाराने ती वाळू ट्रकने नेली की काठच्या विहिरीही मागोमाग बसतात. चळवळीने ठेकेदाराला विरोध केला आणि गावांनी थोडी वाळू स्वतः विकून त्या पैशातून धरण बांधायचे ठरवले. परवानगीसाठी सरकारशी भांडावे लागले. पण 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण उभे केलेच.

मला धरणाहून मोलाचा वाटतो तो त्यामागचा ठराव: पाण्यात भूमिहीनालाही वाटा. हा ठराव धरणात पाणी साठायच्या आधी झाला, आणि माझ्या मते म्हणूनच होऊ शकला. पाणी नसते तेव्हा वीस एकरवाला आणि एक गुंठाही नसलेला, दोघेही टँकरची वाट बघत असतात. कोणाच्या हातचे काही जात नाही, त्यामुळे समान वाट्याला मान डोलावणे सोपे असते. पाणी आले, पाइपलाइन पडली, मोटर बसली, की त्याच माणसाला ‘माझे पाणी’ कमी होताना दिसू लागते. मग सभा भरते ती भांडायला. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनेही नियम आधीच बांधले होते: पाणी जमिनीवर नव्हे, माणशी, भूमिहीनाला हक्क, ऊस लावायचा नाही. शेवटचा नियम ऐकून साखरपट्ट्यातला माणूस आजही गालात हसेल.

पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांत नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि पाटणकर यांनी हीच मागणी मोठ्या योजनांपुढे ठेवली. कराड तालुक्यातील टेंभूजवळ कृष्णेचे पाणी अडवून टप्प्याटप्प्याने उचलायचे आणि कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत न्यायचे, ही योजना 1996 मध्ये हाती घेतली गेली. पाणी पोचले. लोकांनी दशके आंदोलने केली नसती तर ते पोचले असते, असे मला वाटत नाही.

पण आता वाटपाचे काय? उपसा म्हटला की विजेचे बिल आले. त्यातला 81 टक्के भार सरकारने उचलायचा आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी, असे ठरले. शेतकऱ्याच्या वाट्याची पाणीपट्टी वसूल करायची सोपी वाट म्हणजे कारखान्याने ती उसाच्या बिलातून कापून घ्यायची. हिशेब सुटसुटीत आहे. मात्र ज्वारी-हरभरा करणाऱ्याचे बिल कोणत्या कारखान्यातून कापणार? कमी पाणी पिणाऱ्याची वसुली अवघड आणि जास्त पिणाऱ्याची सोपी, म्हणजे योजनेलाच ऊस हवाहवासा. कोणत्याही ग्रामसभेने असा ठराव केलेला नाही. तो वसुलीच्या सोयीने आपोआप झाला. शेवटच्या फाट्यावरचा शेतकरी पाळी कधी येते म्हणून कॅनॉलकडे बघत बसतो, आणि भूमिहीनाच्या वाट्याचा विषय आता पाणीवाटपाच्या बैठकीत क्वचितच निघतो.