माळ्याचे ऋण

विद्यालयाच्या दारी एखाद्या थोर पुरुषाचे नाव दगडावर कोरलेले असते. परंतु ज्याने तेथील झाडे जगविली, त्याचे नाव कोठे आढळते? मग त्याचे आपणांवर काही ऋण आहे किंवा नाही?

पुण्यातील फर्ग्युसन कॉलेज सन १८८५ च्या जानेवारीच्या २ तारखेस शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात सुरू झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनी १,२०० रुपये देणगी दिली. त्यांचेच नाव त्यास मिळाले. सन १८९५ मध्ये ते मुठेपलीकडे टेकडीच्या पायथ्याशी गेले. वाड्याच्या चौकात बाग ती केवढी असणार! परंतु टेकडीच्या मुरमाड जमिनीवर सावली हवी, तर ती हातांनीच निर्माण करावी लागते. पावसाळ्यापूर्वी कुदळीने खड्डा खणावा, मुरूम काढून गाळाची माती व शेणखत भरावे, रोप लावून बकऱ्यांपासून राखण्यास काट्यांचे कुंपण घालावे, आणि पुढे दोन-तीन उन्हाळे आळ्यात पाणी घालीत जावे. चिंचेची दाट सावली पडेपर्यंत, ज्यांच्या देखत रोप लावले ते विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेलेले असतात.

कोणी म्हणेल, "माळ्यास वेतन मिळते, मग ऋण कसले?" हे म्हणणे अर्धे खरे आहे. पुरेसे वेतन वेळेवर न देता त्याच्या सेवेची स्तुती करणे, हे ढोंगच होय. तथापि वेतनाने दिवसाचे श्रम मोजता येतात. कोमेजलेले पान पाहून संध्याकाळी आणखी एक घागर आणणारी कळकळ मोजता येत नाही.

जोतीराव फुले ह्यांचे घराणे माळ्यांचे. त्यांचे वडीलधारे पेशव्यांस फुले पुरवीत असत. जोतीरावांनी सन १८८२ मध्ये हंटर कमिशनापुढे असे मांडले की, सरकारचे उत्पन्न बहुतांशी रयतेच्या घामातून येते, परंतु उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांस होतो. ऋणाचे मर्म हेच. ज्याने झाड लाविले त्याच्या मुलास त्याच झाडाखाली पुस्तक घेऊन बसता येत नसेल, तर केवळ वेतनाने ते ऋण फिटले असे कसे म्हणावे?

म्हणून वाचकहो, मुलांस शाळेत अवश्य धाडा. परंतु मुलगा सुटीत घरी आला म्हणजे त्याच्या हाती खुरपे द्या. ते धरण्यास तो लाजला, तर त्याची विद्या अजून कच्ची आहे असे समजा.