दुसऱ्याच्या भाषेतला इतिहास

सामायिक अस्मिता, म्हणजे आपली भाषा आणि गावकी न सोडता एका मोठ्या समूहाशीही आपलेपण मानण्याची वृत्ती, शाळेतून रुजवता येते का, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाने होरपळलेल्या युरोपपुढे उभा राहिला तेव्हा त्याचे सर्वांत धीट उत्तर १९५३ साली लक्झेंबर्गमध्ये निघालेल्या ‘युरोपीय शाळे’ने दिले. तिथे मुलाचे शिक्षण मातृभाषेतून सुरू होते, पण माध्यमिक वर्गांत इतिहास आणि भूगोल त्याला दुसऱ्या भाषेतून शिकावे लागतात, त्यामुळे जर्मन मुलाला नेपोलियन फ्रेंचमधून भेटू शकतो. अर्थात ही शाळा मुख्यतः युरोपीय संस्थांतील नोकरदारांच्या मुलांसाठी होती. तो थाट जंगलपट्टीतल्या शाळेला कुठून परवडणार?

तरीही कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलपट्टीतील जोयडा तालुक्यातले नंदिगद्दे हे गाव या बाबतीत युरोपहून अनुभवी ठरावे, कारण या पट्ट्यात घरात कोकणी, कचेरीत कन्नड आणि भजनात मराठी असा व्यवहार कोणाच्या धोरणावाचून चालत आला आहे, आणि भातखाचराला कन्नडमध्ये असलेला ‘गद्दे’ हा शब्द तर गावाच्या नावातच ऐकू येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला आणि मुलाची भाषा सीमावादातला पुरावा होऊन बसली. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ, म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असे सांगणारी तरतूद, मराठी आणि कन्नड असे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने वाचतात. कुणब्याच्या मुलाची कोकणी त्या भांडणात कोणी मोजत नाही, आणि अन्याय असलाच तर तो इथे आहे.

युरोपकडून घ्यायची ती इतिहास दुसऱ्या भाषेतून शिकवण्याची युक्ती. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळी रायण्णाला १८३१ साली ज्या नंदगडजवळ फाशी दिली, ते शेजारच्या मराठीबहुल खानापूर तालुक्यात आहे, तर १६६५ साली शिवाजी महाराजांनी ज्या कारवारकडून पैसा वसूल केला, ते आज उत्तर कन्नड जिल्ह्याचे मुख्य ठाणे आहे. मराठी शाळेने रायण्णा कन्नडमधून आणि कन्नड शाळेने ती कारवारची स्वारी मराठीतून शिकवायची ठरवली, तर त्या वसुलीला खंडणी म्हणावे की लूट, हे शिक्षकाला आधीच ठरवून येता येणार नाही, आणि तास संपेपर्यंत दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी राहतील.